कोरडा पंजा

एक जंगल होतं. तिथे दर पाच वर्षांनी निवडणूक होई आणि दर वेळी सिंहच निवडून येई, कारण उभा तो एकटाच राहत असे.

जंगलात एक महाविद्यालय होतं. तिथे पाणमांजरबाई हरणांच्या पाडसांना पोहायला शिकवत. उन्हाळ्यात अलीकडचं गवत संपलं की कळपाला नदी ओलांडून पलीकडच्या कुरणात जावं लागे, म्हणून हा विषय सक्तीचा होता.

एके दिवशी सिंहानं सभेत घोषणा केली, "बंधुभगिनींनो, शेजारच्या जंगलात अजून पाण्यात पोहतात! आपण घरबसल्या पोहू, विश्वात पहिले येऊ!"

राजाच्या मेहुण्यानं, म्हणजे तरसानं, प्रत्येक अध्यापकाला एक काचेची पाटी पुरवली. धडे तिच्यातूनच द्यायचे आणि तासातासाला तिच्यावर पंजा ठेवून हजेरी लावायची. प्राचार्य बगळे यांनी पाट्यांना हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. दोन पाट्या नारळाच्या पाण्यानंच गेल्या.

पाणमांजरबाईंची हजेरी मात्र लागेना. ओला पंजा काचेला ओळखू येत नव्हता.

"बाई, महिनाभर तुम्ही गैरहजर आहात," बगळेसर म्हणाले.

"सर, मी रोज तुमच्यासमोरच नदीत असते. तुम्ही काठावर मासे धरत असता."

"मला दिसता हो! पाटीला दिसत नाही त्याचं काय? जरा कोरडं राहायला शिका. तंत्रज्ञानाला विरोध केल्याचा शेरा पडला तर पेन्शन विसरा."

बाई कोरड्या राहू लागल्या. जांभळाखाली बसून त्यांनी पाटीत पोहण्याची व्याख्या भरली, मग प्रकार, मग फायदे. सगळी पाडसं उत्तीर्ण झाली. ठिपकी नावाचं पाडस पहिलं आलं. बाईंना आदर्श ई-अध्यापिका म्हणून शाल मिळाली. शाल भिजवू नये, अशी चिठ्ठी तिला टाचलेली होती.

गवत संपलं. कळप नदीवर आला. बाई शाल पांघरून निरोप द्यायला उभ्या होत्या. पाडसं ऐटीत पाण्यात शिरली. धार पोटाला लागली तशी ठिपकी ओरडली, "बाई, हे थांबवायचं कुठे दाबून?"

बाईंनी शाल टाकली आणि उडी मारली. ठिपकीला मानेला धरून त्यांनी काठावर आणलं, मग आणखी दोघांना. चौथ्यासाठी वळल्या तेव्हा नदीत कुणीच दिसत नव्हतं.

नेमकी ती हजेरीची वेळ होती. बाई निलंबित झाल्या.

ठिपकी निथळत दरबारात तक्रार घेऊन गेली. तक्रारही पाटीवरच घेतली जाई. तिनं खूर ठेवला. झटकून पुन्हा ठेवला.

"आधी वाळून ये गं," दारावरचं माकड म्हणालं. "ओल्यांचं इथे काही नोंदवता येत नाही."

संध्याकाळी सिंहानं निवेदन केलं की नव्या धोरणाबद्दल जंगलातून एकही तक्रार आलेली नाही. जे कोरडे होते, त्यांनी टाळ्या वाजवल्या.