झिपऱ्या कणसाची धुरपदा

फार वर्षांपूर्वीची, म्हणजे आमच्या आज्याला त्याच्या आज्यानं सांगितलेली ही हकिकत. सावळदरीत धुरपदा नावाची बाई होती. साऱ्या गावाच्या ज्वारीचं बियाणं ती निवडायची. कापणीआधी ती शिवारातून फिरे आणि मनात भरेल त्या कणसाला लाल दोरा बांधे. दोऱ्याची कणसं आढ्याला टांगायची, पुढच्या वर्षी तीच पेरायची. तिनं दोरा बांधला की पाटीलसुद्धा ब्र काढत नसे.

निवड कशी करायची हे तिला सासूनं शिकवलं होतं. कणीस मुठीसारखं घट्ट हवं, दाण्याला दाणा खेटलेला हवा. विरळ, पांगलेलं कणीस दिसलं तर त्याला झिपरं म्हणत आणि ताट उपटून बैलापुढं टाकत. धुरपदानं जन्मभर अशी झिपरी उपटली.

मग काय झालं कोण जाणे, पाऊस बिघडला. ज्वारी पिकायला यावी आणि हस्ताच्या पावसानं मुक्काम ठोकावा. दाणे आधी गुलाबी व्हायचे, मग काळे, आणि त्यांच्यावर बुरशीची लव चढायची. भाकरी कडू लागे, पोरं तोंड फिरवत. बियाणंही धड उगवेना. वर्षामागून वर्षं असंच चाललं, तेव्हा धुरपदाचा हात उतरला अशी कुजबुज सुरू झाली.

धुरपदा पार गोंधळली. ती आणखी घट्ट कणसं निवडू लागली, तर नेमकी तीच सगळ्यांत आधी काळी पडू लागली. देव चांगल्यालाच का बाधतो हे तिला उमजेना. अखेर गावानं ठरवलं, यंदाच्या कापणीला ती निवडेल ते बी एवढं एकदाच पेरून बघायचं. तेही वाया गेलं, तर दोरा दुसरीच्या हाती द्यायचा.

पाऊस उघडल्यावर ती एकटीच शिवारात गेली. बघावं तिकडं काळंच काळं. बांधाच्या कडेला मात्र तिच्या नजरेतून सुटलेलं एक झिपरं उभं होतं आणि चिमण्या त्याच्यावर तुटून पडल्या होत्या. तिनं एक दाणा दाताखाली धरला. कडक होता, आतून पांढराशुभ्र. आनंद व्हायचा तर ती घाबरली. सासूचं शिकवणं खोटं, की हे कणीस खोटं? शेवटी तिनं दोरा त्या झिपऱ्यालाच बांधला.

गाव हसलं. तिचा दीर खंडूजी म्हणाला, "वैनी, बैलाचं खाणं आढ्याला टांगता व्हय?"

"मलाबी कळंना, भावजी," ती म्हणाली. "पण दाणा पांढरा हाय."

ते बी घ्यायला कुणी पुढं आलं नाही, ज्यानं त्यानं आपापली घट्ट कणसंच बियाण्याला ठेवली. तिनं आपल्या रानात तेच पेरलं, दुसरं काही पेरलंच नाही. ते काळं पडलं असतं तर दोराही गेला असता आणि वर्षाची भाकरीही. एका कणसाचं बी ते केवढं? पण असं म्हणतात, सारं रान पेरून झालं तरी तिची मूठ रिकामी झाली नाही.

हस्त पुन्हा आला. असं म्हणतात, त्या पावसात तिची कणसं न्हालेल्या बायकांसारखी केस झटकत होती आणि थेंब शेजारच्या बांधापलीकडं उडत होते. खरंखोटं देव जाणे. आभाळ उघडलं तेव्हा शिवार काळं होतं आणि तिचं रान शुभ्र.

मग गाव पदर पसरून आलं. मंत्र कोणता घातला म्हणून सगळे खोदून खोदून विचारू लागले. आपल्याला काही ठाऊक नाही, हे ती देवाशपथ सांगे, आणि लोकांना वाटे बाई लपवते. तिनं घरोघर बी वाटलं, दोराही तिच्याकडंच राहिला. पण तिचा जीव निवाला नाही. म्हातारपणी ती सुनेला विचारायची, "मी जलमभर जी झिपरी उपटली, ती कशी निघाली असती गं?" धुरपदा मग डोळ्याला पदर लावायची.

आता सुधारित वाणाच्या पिशव्या येतात. पावसात काळी न पडणारी ज्वारी. पिशवीवर छापलेलं नाव काहीही असो, सावळदरीचे लोक दुकानात धुरपदाच मागतात. आणि दर कापणीला घरातली बाई आपल्या डोळ्यांना अजिबात न आवडलेलं एक कणीस शोधते, त्याला दोरा बांधते आणि बांधाशी वेगळं पेरायला ठेवते. बहुतेक वर्षी ते काही कामाचं निघत नाही, कोंबड्यांना घालतात. पुढच्या कापणीला पुन्हा एक ठेवतात.