बिबट्याच्या पोटातली घंटा

“पण बाबा, असली चित्रं लहान मुलांना दाखवायची तरी कशी?”

कालिंदीबाईंनी पुस्तक इनूसबाबांपुढे ठेवलं. बाबा गावच्या वाचनालयाची फाटकी पुस्तकं बांधून देत. बाई शाळेत नव्या. दर शनिवारी दुपारी त्यांच्याकडे बांधणी शिकायला येत, आणि शिकता शिकता बाबांनाच चार गोष्टी शिकवून जात.

बाबांनी पानं उलटली. गोष्ट एका बिबट्याची होती. पण जिथे जिथे बिबट्या असायचा, तिथे तिथे पांढऱ्या कागदाचं ठिगळ.

“हे कुणी केलं?”

“मीच. गेल्या शनिवारी तुमच्याकडून गोंद नेला होता ना, त्यानं चिकटवलं.”

बाबा नुसते हसले...

“माझ्या वर्गातल्या ठकूसाठी केलं, बाबा. तिची कबरी शेळी तिच्या डोळ्यांदेखत बिबट्यानं उचलली. महिना झाला, पोर एक अक्षर बोलत नाही. तिच्या आईला मी शब्द दिलाय, बोलती करीन म्हणून. बालमानसशास्त्रात पहिली आलेय मी!”

“मग, बोलली?”

“...नाही.”

ठकू ओट्यावरच बसली होती. बाई तिला सोबत घेऊन आल्या होत्या.

बाबांनी पुस्तक तिच्या मांडीवर ठेवलं. तिनं पान उलटलं नाही. पांढऱ्या ठिगळावर बोट ठेवलं आणि अंग चोरून घेतलं.

“बघा,” बाई कुजबुजल्या, “झाकलंय, तरी घाबरते.”

“त्या कागदाखाली तिला केवढा बिबट्या दिसत असेल, बाई?”

बाबांनी पाण्याची वाटी ठकूकडे सरकवली. “बोट बुडव बेटा. कोपऱ्यावरून फिरव.”

“नको बाबा, पान फाटेल! गोंद आहे तो.”

“खळ आहे ती, कणकेची, पाण्यानं सुटते. गोंद मी कुणाला देत नाही.”

ठिगळ अलगद सुटलं.

खालच्या चित्रात बिबट्यानं शेळी गळ्यातल्या घंटेसकट गिळली होती. पोट टम्म, मिशीला शेपटीचे चार केस.

ठकूनं दुसरं ठिगळ सोडवलं. बिबट्या सशावर दबा धरून बसलेला, आणि पोटातून घंटा वाजतेय. ससा पसार!

तिसरं. हरणंही पसार.

शेवटचं तिनं ओरबाडूनच काढलं. हाडांचा सापळा झालेला बिबट्या रानात एकटाच बसून, डोळे पुसत पुसत गवत चघळत होता.

ठकूचे ओठ थरथरले. बाई पुस्तक हिसकावून घ्यायला उठल्या. बाबांनी हात आडवा धरला.

“...टिण्,” ठकू म्हणाली.

मग मोठ्यानं, “टिण्! टिण्!” आणि ती हसायला लागली. डोळ्यांतून पाणी वाहतंय, नाक गळतंय, आणि पोर हसतेय. पुस्तक छातीशी धरून ती अंगणात धावली. तिथे पोरी खेळत होत्या.

“अगं या गं सगळ्या! मेल्याच्या पोटात माझी कबरी वाजतेय!”

अंगणभर टिण् टिण् सुरू झालं.

बाईंच्या मुठीत सुटलेल्या ठिगळांचा ओला लगदा होता. त्यांनी विचारलं, “बाबा... आता ती घाबरणार नाही?”

बाबांनी खळीचा कुंचला वाटीत धुतला, झटकला.

“आता पाळी बिबट्याची, बाई.”