दादासाहेबांची फिरती मोटार

आडव्या बाटलीला मतं देऊन बायकांनी गावातलं दारूचं दुकान बंद पाडलं, तेव्हा कुठे हौसाबाईचा लेक शुद्धीवर आला. तोच त्या दुकानाचे मालक दादासाहेब सरनोबतांनी आजोबांची जुनी, उतारू नेणारी सर्व्हिस मोटार रंगवली, आत कॉकटेलचा बार थाटला आणि ती पारापाशी आणून उभी केली.

फौजदारांनी हटकलं, तर दादासाहेब हसून म्हणाले, "बंदी दुकानाला आहे. ही तर गाडी आहे."

हौसाबाईच्या अंगाची लाही झाली. ती मोटारीत चढून बसली. मागोमाग भाजीच्या पाट्या घेऊन साऱ्या बायका चढल्या.

"चला दादासाहेब, बाजाराला सोडा आम्हांला."

"उतरा खाली. वडापची गाडी आहे का ही? दुकान आहे माझं."

हौसाबाई खिडकीतून म्हणाली, "ऐकलंत ना, फौजदार? त्यांच्याच तोंडानं दुकान म्हणाले. आता घाला कुलूप."