राणीचा रांजण आणि गाढवीण

फार फार वर्षांपूर्वी, नद्यांना नावं कमी आणि पाणी जास्त होतं तेव्हाची ही गोष्ट. नदीकाठच्या गावात एक कुंभार राहत होता. हात असा, की माती त्याचं ऐकायची.

हा कुंभार सकाळी आधी रानात हिंडायचा आणि मगच चाकावर बसायचा. रांजणाचं पोट तो भोपळ्याकडे बघून शिकला, सुरईची मान बगळ्याकडे बघून. काठ कसा वळवायचा ते कमळाने दाखवलं. कुणी कौतुक केलं, की हात जोडून म्हणायचा, "माझं काय आहे त्यात? वेलीने दिलं, बगळ्याने दिलं, तळ्याने दिलं." आणि ते तो मनापासून म्हणायचा.

त्याची कीर्ती राणीच्या कानावर गेली. तिला घाटमाथ्यावर वाटसरूंसाठी पाणपोई घालायची होती आणि उन्हाळा तोंडावर आला होता. तिने कुंभाराला दरबारात बोलावलं.

"इतकं सुंदर घडवायला तुम्हांला शिकवलं कोणी?"

कुंभाराने भोपळा, बगळा, कमळ, सगळ्यांची नावं घेतली. दरबार माना डोलवू लागला.

"आणि मातीत काय मिसळता?"

आता खरं सांगायचं, तर मातीत तो गाढवाची लीद मिसळायचा. त्याच्या आजानेही तीच मिसळली होती. पण एवढ्या अत्तराच्या घमघमाटात लिदीचं नाव घ्यायला त्याची जीभ रेटेना.

"काही नाही, राणीसाहेब. फक्त नदीची निर्मळ माती."

"वा! मग इथेच घडवा रांजण, राजवाड्याच्या अंगणात."

झालं! स्वतःच्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेतला. घरी येऊन तो सामान बांधू लागला, तेव्हा बायकोने विचारलं, "अहो, गाढवीण नाही का नेत?"

"राजवाड्यात गाढवीण? लोक हसतील."

"हसू देत की! तिच्यावाचून गेलात, तर रडायची वेळ येईल तुमच्यावर."

दारातली गाढवीण काहीच बोलली नाही. त्या काळी गाढवं बोलत असत, पण गप्प कधी बसायचं तेही त्यांना कळत असे.

अंगणात रांजण घडला. काय देखणा! पण वाळता वाळता त्याच्या पोटाला चीर गेली. दुसरा भाजताना आव्यात फुटला, तो आवाज राणीच्या महालापर्यंत गेला. इकडे ऊन चढत होतं. राणीने निरोप धाडला, "घाटात माणसं तहानेने बसून राहताहेत. पुढचा रांजण धड निघाला नाही, तर या राज्यात पुन्हा चाकाला हात लावू नका."

कुंभाराने हातातली माती खाली ठेवली. चाक गेलं, तर आपण उरलो कोण? तो तडक घरी आला आणि गाढविणीपुढे बसला.

"बाई गं, बगळ्याचे आभार मानले, वेलीचे मानले. तुझं नाव घ्यायची मात्र मला लाज वाटली. चुकलो मी."

गाढविणीने कान हलवले. "मालक, बगळ्याचं नाव कुणीही घेईल, दिसतोच तो तसा. माझं राहू द्या. राणीला खरं सांगा, आणि चला, उशीर होतोय."

कुंभार गाढविणीला घेऊन थेट दरबारात गेला. "राणीसाहेब, मी खोटं बोललो. माझ्या मातीत हिची लीद असते. तिच्यामुळे माती वाळताना तडकत नाही. आव्यात लीद जळून जाते आणि बारीक छिद्रं ठेवून जाते, म्हणून पाणी पाझरतं, गार राहतं. आकार मला रानाने दिला. तो टिकवला हिने."

कुणी नाकाला पदर लावला, कुणी खुदकन हसलं. राणी हसली नाही.

"खरं बोललात, म्हणून चाक तुमच्याकडे राहील. पण तुमच्या खोट्यापायी वाटसरू तहानले. तेव्हा हा उन्हाळाभर घाटावर पाणी तुम्हीच वाहायचं."

या वेळी रांजण खणखणीत निघाला. कुंभार आणि गाढवीण रोज घाट चढू लागले. एकदा एक थकलेली म्हातारी ओंजळ भरून पाणी प्यायली आणि डोळे मिटून म्हणाली, "देव तुझं भलं करो, लेकरा! किती गार आहे रे!"

कुंभाराचे डोळे भरून आले. "आजी, हा गारवा हिचा आहे," असं म्हणून त्याने भर रस्त्यात, सगळ्यांदेखत, गाढविणीच्या पायांवर डोकं ठेवलं.

तात्पर्य: ज्याचं नाव घ्यायला लाज वाटते, त्याचे उपकार आधी आठवावेत.