मार्तंड कासाराचा दुसरा उतार

फार वर्षांपूर्वी, म्हणजे नक्की किती ते मला विचारू नका, आमच्या बोरघोळ गावात मार्तंड नावाचा एक कासार बांगड्या भरायला यायचा. गाव डोंगराच्या पोटाशी. वर खिंड, खाली ओढा आणि मधे रस्ता म्हणावा असा दगडधोंड्यांचा उतार. तिथून बकरीसुद्धा विचार करून उतरते. आणि हा गृहस्थ काचेच्या बांगड्या घेऊन तिथून सायकलवर यायचा! मला हे पटत नाही, पण आमच्या गावात याबद्दल शंका काढायची सोय नाही.

त्या काळी बाकीचे कासार बांगड्यांच्या माळा खांद्यावर टाकून मुकाट पायी फिरत. मार्तंडाने कुठूनशी एक काळी सायकल पैदा केली, मागे लाकडी पेटी बांधली, जुन्या लुगड्यांच्या घड्यांत बांगड्या ठेवल्या आणि निघाला. उन्हात निघाला, धुक्यात निघाला, चिखलात निघाला. चाक रुतलं की सायकल खांद्यावर घ्यायचा आणि पुढे कोरडी जागा दिसली की पुन्हा बसायचा. समोरून वारा असला तर स्वारी आणखीच खूश. जवळची पायवाट सोडून तळ्याच्या बांधावरून लांबचा फेरा घ्यायचा, का, तर तिथे सायकल छान पळते. इकडे बायका ओट्यावर खोळंबलेल्या. हा उगवणार तो चिखलाने माखलेला, दात तेवढे पांढरे, आणि पेटी उघडायची सोडून सांगत बसणार, "काय वारं हाय म्हनून सांगू वैनी! खिंडीतनं सुटलो की कानात नुसतं भणाणतंय!" वहिनींना वाऱ्याचं काय? घरात चुलीवर दूध ठेवलेलं.

पण त्याच्या पेटीतली बांगडी कधी वाढली नाही, असं म्हणतात. आपल्याकडे बांगडी फुटली म्हणायचं नसतं, वाढली म्हणायचं.

एका वैशाखात रखमाजी शेलाराच्या हौसाचं लग्न निघालं. रखमाजी मार्तंडाच्या उशिरा येण्याला पार विटलेला होता. "त्या सायकलवाल्याच्या नादी लागलो तर चुडा पोरीच्या पोराच्या बारशाला येईल," असं म्हणून त्याने बाजारगावच्या दुसऱ्या कासाराकडून हिरवा चुडा मागवला, आणि तोही बैलगाडीतून, अगदी शहाण्या माणसासारखा. आदल्या दिवशी यायची ती गाडी लग्नाच्या दुपारी खिंडीत आली आणि पहिल्याच धोंड्यावर उलटली. सगळ्या बांगड्या वाढल्या. उतारभर हिरव्या काचा.

नवऱ्या मुलाचा चुलता, गुणाजी, मानपानावरून सकाळपासून फुगलेलाच होता. त्याला आयतं कोलीत मिळालं. "नवरीचा चुडा वाढला, अपशकुन झाला. आमी निघतो," म्हणत तो बैल जुंपायला लागला. आता हे नीट ऐका, सायकलची गंमत नंतर. मांडवातून वऱ्हाड परत गेलं की त्या काळी त्या मुलीला दुसरं स्थळ येत नसे. हौसा उघड्या मनगटांनी पाटावर बसली होती आणि बापाकडे बघतही नव्हती.

तेवढ्यात वळीव कोसळला. साधा नाही, गारांचा. माणसं, बैल, वाजंत्री, सगळे मांडवाच्या आडोशाला. आणि समोरच्या डोंगरधारेवरून मार्तंड सायकल चालवत चाललेला! त्याला कुणी बोलावलं नव्हतं. त्या वाटेला त्याचं काही कामही नव्हतं. गारांत सायकल चालवून कसं वाटतं ते बघायला आला होता, असं म्हणतात. काय बोलणार अशा माणसापुढे!

हौसाची आई ठकूबाई डोक्यावर परात धरून गारांत धावली. परात ताडताड वाजत होती आणि ती ओरडत होती, "मार्तंडभाऊ! हौसाचा चुडा वाढला वो! वऱ्हाड माघारी चाललं!"

मार्तंडाने सायकल वळवली.

तो खिंडीतून उतरला तेव्हा गारा त्याच्या दोन्ही अंगांना पडत होत्या, पेटीवर एकही नाही, असं म्हणतात. धोंडे आपणहून बाजूला सरकले, असंही म्हणतात. मी तिथे नव्हतो, तुम्हीही नव्हता, तेव्हा गप्प बसू या. खाली पोचल्यावर त्याने हात धुतले आणि पेटी उघडली. गुणाजीने स्वतः वाकून एकेक बांगडी उलटसुलट करून पाहिली. सगळ्या अखंड. मार्तंडाने हौसाला चुडा भरला आणि गुणाजीला जुंपलेले बैल सोडावे लागले.

अंतरपाट धरला, अक्षता वाटल्या, गोरज मुहूर्त जवळ आला. आणि मार्तंड कुठे? तर सायकल ढकलत पुन्हा खिंड चढत होता!

गुणाजी कडाडला, "जाऊ दे त्येला! मुहूर्त टळतोय!"

तेव्हा हौसा अंतरपाटाआडून बोलली. नवरीने बोलायचे दिवस नव्हते ते. "मार्तंडमामा खाली आल्याबिगर मी माळ घालनार न्हाई. माझ्या काचंपायी समदा उतार बिचारे ब्रेक दाबत आले. आता एकडाव मोकळ्यानं येऊ द्या त्यास्नी."

सगळे थांबले. सूर्यसुद्धा डोंगराच्या कडेला अडकून थांबला, असं म्हणतात. त्यालाही त्या दिवशी कामधंदा नसावा. मग वरून सायकल सुटली. पेटी रिकामी, पाय दोन्हीकडे पसरलेले, डोक्यावरचं मुंडासं उडून गेलेलं, आणि लहान पोरासारखा ओरडत मार्तंड थेट मांडवाच्या दारात! मग मंगलाष्टकं झाली. हौसाचा संसार सुखाचा झाला. मार्तंड पुढे कुठल्या डोंगरापलीकडे गेला ते कुणालाच सांगता येत नाही.

आणि तेव्हापासून आमच्या मागे हे लचांड लागलं. आता खिंडीत डांबरी रस्ता आहे, दारोदारी गाड्या आहेत, तरी बोरघोळच्या नवरीचा चुडा मामाने सायकलवरूनच आणायचा. ऊन असो, पाऊस असो, मामाला दमा असो. बरं, आणला की सुटला? नाही. मामाने पुन्हा खिंड चढायची आणि रिकाम्या पेटीने मार्तंडाच्या नावाने एकदा उतरायचं. तोवर अंतरपाट धरून सगळे उभे. गुरुजी घड्याळ बघतात, भात निवतो, मुंबईची पाहुणेमंडळी हसतात.

यंदा माझ्या भाचीचं लग्न होतं. माझे गुडघे कसे आहेत ते तुम्ही बघताच. चुडा घेऊन ब्रेक दाबत, शिव्या घालत उतरलो. पुन्हा धापा टाकत चढलो. गावाला, मार्तंडाला, त्या हौसालासुद्धा बोल लावले. मग वर पोचलो, बसलो आणि ब्रेकवरचे हात काढले.

खाली मांडवात पोचलो तर गुरुजी ओरडले, "मामा, चला लवकर, मुहूर्त!"

मी म्हटलं, "आलोच," आणि सायकल पुन्हा खिंडीकडे वळवली.