आधी केसभर आवळ

एकदा खाडीकाठच्या एका गावात एक होडी माणसावाचून परत आली. होड्या बुडतात, फुटतात, वाहून जातात. ही मात्र निघाल्यापासून चौथ्या दिवशी भरतीबरोबर सरळ आत शिरली आणि आपल्या नेहमीच्या जागी येऊन थांबली. जाळे नीट आवरलेले, जेवणाचा डबा रिकामा. तांडेल, म्हणजे ती होडी चालवणारा तिचा मालक, कुठेच नव्हता. तेव्हापासून लोक तिच्या सावलीतूनही जाईनात. लोकांचे काय, त्यांना निमित्तच हवे असते.

तांडेलाचा धाकटा भाऊ गावातल्या एका वृद्ध मिस्त्रींच्या हाताखाली होडीकाम शिकत होता. वर्ष उलटले, तरी त्याची वहिनी रोज तिन्हीसांजेला नवऱ्याचे ताट वाढी, उंबऱ्यात उभी राही आणि खाडीकडे तोंड करून हाक मारी, "अहो, या. जेवण निवतंय." ताट तसेच राही आणि तीही उपाशी निजे. अंगावर मांस म्हणून उरले नव्हते बिचारीच्या. दीर रोज समजावी, "वहिनी, दादा गेला. आता तरी मान्य कर." तो जेवढे बोले, तेवढी ती अधिकच मिटून जाई. ही अशीच एक दिवस संपणार, या भीतीने त्याचा जीव थाऱ्यावर नसे.

घर चालवायला होडी पुन्हा पाण्यात घालणे भाग होते. वाकलेले सुकाणू आधी उतरवायचे, तर त्याचे नट गंजाने बोल्टला पक्के धरलेले. शिष्याने पान्याला लांब नळी अडकवली आणि अंगातले सगळे बळ लावले. पहिला बोल्ट कडकन तुटला. त्याच क्षणी होडीच्या पोटातून कुणी कण्हावे तसा आवाज आला आणि शिष्याच्या अंगावर सर्रकन काटा उभा राहिला.

"ही झाली आडदांडगिरी," मिस्त्री म्हणाले. "हो बाजूला."

त्यांनी दुसऱ्या नटाचा गंज घासला, तेल सोडले आणि लहान हातोडीने तीनदा ठोकले. आतून तीन ठोके परत आले.

"पोकळ लाकूड आहे, घुमणारच," ते म्हणाले आणि पुन्हा तीनदा ठोकले. या वेळी आतून चार ठोके आले. शिष्याने मोजले होते. मिस्त्रींनीही मोजले असावेत, कारण त्यांचा हात जरा थबकला. मग त्यांनी पाना लावला आणि नट सैल करायचा सोडून आवळला.

"मिस्त्रीबाबा, उलटं फिरवताय."

"ठाऊक आहे मला. बघ नुसता."

नट केसभर आवळला, कुरकुरला, आणि मग सोडण्याच्या दिशेला फिरवताच हलला. थोडे पुढे, थोडे मागे, पुन्हा तेल. तासाभराने तो नुसत्या बोटांनी निघाला.

"धरून ठेवणं हेच याचं काम," मिस्त्री म्हणाले. "आजवरच्या प्रत्येक तुफानात यानं तेच केलं. आणि आपण येऊन एकदम म्हणतो, सोड. का म्हणून सोडेल तो? जोर करशील तर तुटेल, पण सोडणार नाही. ज्या दिशेला तो धरून बसलाय, त्या दिशेला आधी तू केसभर जा. पकड तिथंच मोडते."

शिष्य हत्यारे तशीच टाकून घरी गेला.

तिन्हीसांज झाली होती. वहिनी उंबऱ्यात उभी होती. तो काही न समजावता तिच्या शेजारी जाऊन उभा राहिला आणि त्याने खाडीकडे हाक मारली, "दादा, ये रे. वहिनी जेवायची थांबलीय." वहिनीने चमकून त्याच्याकडे पाहिले. मग दोघांनी मिळून हाक मारली.

होडीच्या बाजूने चिखलात पाऊल पडल्यासारखा आवाज झाला. मग आणखी एक. दोघेही श्वास रोखून अंधारात पाहत राहिले. आवाज थांबला. कुणी आले नाही. बराच वेळ कुणीच आले नाही.

वहिनीने दिराचा हात घट्ट धरला. वर्षभरात ती पहिल्यांदा रडली.

"भाऊजी," ती म्हणाली, "ते नाही यायचे आता."

त्याने मान डोलावली. त्या संध्याकाळी ती जेवली.