येसू लोहारणीची छिन्नी

फार फार वर्षांमागं सह्याद्रीच्या पायथ्याला कारंडवाडीत येसू नावाची लोहारीण राहायची. जीभ फटकळ, पण हात गुणी. वाडीचा डोह दर उन्हाळ्यात आटायचा आणि बारमाही झरा होता कातळापलीकडं. यंदा कातळ फोडून पाट आणायचा, नाहीतर वाडी उठवायची, असं पंचांनी ठरवलं. येसूचा जीव तुटला. सासऱ्यांनी हातानं बांधलेली भट्टी सोडून ती जाणार कुठं?

पण छिन्न्या टिकेनात. पोलाद शिजवताना कठीणपणा यावा म्हणून मातीच्या मुशीत तरवडाचा पाला घालत; तो कमी पडला तर छिन्नी वाकायची, जास्त पडला तर काचेसारखी तुटायची. मोडकं लोखंड घरात ठेवणं अशुभ, म्हणून तुकडे डोहात जायचे. ते का मोडलं, हे कुणी बघायचंच नाही.

डोह आटला तशी येसू त्यात उतरली आणि ओटीत तुकडे भरून घेऊन आली.

"अगं येसू, अवदसा आणलीस की घरात!" कोंडीबा पाथरवट ओरडला.

"अवदसा तर रोज तुमच्याच हातात मोडतीया, दाजी. तिचं तोंड तरी बघू द्या!"

तिनं एकेका तुकड्याची तुटलेली बाजू उन्हात धरली. कुठं जाड चकचकीत दाणे, तर शेजारीच मऊ, निस्तेज जागा. पीठ नीट न मळता मीठ एकाच घासाला लागावं, तसा कठीणपणा एका जागी गोळा झालेला. एकच जुना तुकडा सपिटासारखा बारीक होता. तो सासऱ्यांच्या हातचा. ते पोलादात लांबच्या ओढ्यातली काळी रेती घालायचे. त्यांच्या माघारी तेवढी पायपीट कुणी केली नव्हती.

येसूनं ती केली. मुशीत पाल्याबरोबर रेती पडली आणि त्या रेतीनं कठीणपणा चिमटी चिमटीनं पोलादाच्या अंगभर वाटून टाकला. येसूनं छिन्नीला पाणी पाजलं, पुन्हा हलकी तापवली आणि गव्हाळ रंग चढताच काढली. असं म्हणतात, त्या छिन्नीवर मुंग्यांच्या रांगांसारखी नक्षी उमटली. असं म्हणतात, कातळ तिच्यापुढं दह्यासारखा कापला गेला, आणि घाव घालील त्याला आतल्या पाण्याचं गाणं ऐकू यायचं. पाट वाहिला तेव्हा कोंडीबानं पहिली ओंजळ येसूला दिली. ती फटकळ बाई आनंदानं रडली.

आजही खंडेनवमीला कारंडवाडीत धड हत्यारांच्या आधी वर्षभरात मोडलेली हत्यारं मांडतात. ज्याच्या हातून मोडलं, त्यानंच तुकडा उन्हात धरून सगळ्यांना दाखवायचा. त्याला कुणी बोल लावत नाही. येसूच्या नावानं गुळाचा पहिला खडा त्यालाच देतात.